रानडुक्कर शोधायचं कुठे?

कॅलिफोर्नियात रानडुकरांच्या शिकारीला ठरावीक हंगाम नाही, आणि किती मारायची यावर मर्यादाही नाही. राज्याच्या ५८ पैकी ५६ काउंट्यांमध्ये ती आढळतात. तरीही लॉस पाद्रेस नॅशनल फॉरेस्टसारख्या सार्वजनिक जंगलात दोन-दोन दिवस भटकून एकही डुक्कर न दिसणं अगदी नेहमीचं आहे. याचं कारण समजून घेतलं, की डुक्कर कुठे शोधायचं हेही उमगतं.

आधी थोडा इतिहास. ही डुकरं मूळची इथली नाहीत. १७६९ नंतर आलेल्या स्पॅनिश वसाहतकारांनी पाळीव डुकरं आणली आणि मोकळी चरायला सोडली. १९२०च्या दशकात माँटरे काउंटीतल्या एका जमीनदाराने शिकारीसाठी युरोपीय रानडुकरं आणून सोडली. दोघांचा संकर झाला. सह्याद्रीत शेतं उकरणारं रानडुक्कर याच प्रजातीचं आहे: सुस स्क्रोफा.

घाम न येणारा प्राणी

डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. अंग थंड ठेवायला त्याला सावली, पाणी आणि चिखल लागतोच. चिखल आणखी एक काम करतो: तो वाळून पडताना गोचिड्या-उवांनाही सोबत नेतो. आता वसाहतींचा काळ आठवा. पाण्याच्या, सपाट, सुपीक जमिनी लोकांनी आधीच घेतल्या. सरकारकडे उरले ते बहुतांशी चढाचे, कोरडे, झुडपी डोंगर. म्हणून बहुतेक डुकरं खासगी रँचवर राहतात.

तेव्हा नकाशावर तीन गोष्टी शोधा: उन्हाळ्यातही न आटणारा झरा किंवा ओढा, उत्तरेकडे तोंड असलेला दाट झाडीचा उतार (तो सावलीत आणि थंड असतो), आणि जवळपास खाणं. या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात ती जागा सार्वजनिक जमिनीच्या आत, खासगी शेताच्या हद्दीलगत असेल, तर तिथून सुरुवात करा. हद्द मात्र नीट तपासा; परवानगीशिवाय पलीकडे पाऊल टाकता येत नाही.

खाणं ऋतूप्रमाणे बदलतं. शरद ऋतूत ओकच्या झाडांखाली एकॉर्नचा सडा पडतो. हिवाळी पावसानंतर माती मऊ होते आणि डुकरं कंद, गांडुळं, अळ्या यांसाठी जमीन उकरतात. उन्हाळ्यात सगळं पाण्याभोवती आकसतं.

खुणा ताज्या की शिळ्या?

उकरलेली जमीन नांगरल्यासारखी दिसते. उलथलेली माती ओलसर आणि उपटलेलं गवत अजून हिरवं असेल, तर डुकरं नुकतीच येऊन गेली आहेत. माती पांढुरकी पडून त्यात नवं गवत उगवलं असेल, तर पुढे चला. डबक्यातलं पाणी गढूळ असणं ही अगदी ताजी खूण. झाडाच्या खोडावर घासलेला चिखल किती उंचीवर आहे, यावरून डुकराच्या आकाराचा अंदाज येतो.

ठसे ओळखताना हरणाशी गल्लत होते. हरणाचा खूर पुढे टोकदार असतो. डुकराचा बोथट, गोलसर. मऊ चिखलात डुकराच्या मागच्या दोन छोट्या नखांचे ठसे मुख्य खुराच्या बाहेरच्या बाजूला उमटतात.

नाकाशी गाठ

डुकराची नजर बेताची, पण नाक विलक्षण. वास ओळखणारी कार्यक्षम जनुकं माणसात सुमारे ४००, तर डुकरात हजारावर आहेत. म्हणून लपण्यापेक्षा वारा महत्त्वाचा. ऊन चढलं की तापलेली हवा उताराने वर जाते. तेव्हा तुम्ही डुकरांच्या वरच्या बाजूला असायला हवं. संध्याकाळी थंड हवा खाली वाहते. तेव्हा खालच्या बाजूला. नारिंगी जाकीट बेधडक घाला. डुकराला लाल-नारिंगी रंग नीट ओळखता येत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र तुम्ही लांबून दिसता.

गोळी झाडण्याआधी आणि नंतर

परवान्यासाठी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. जुलै २०२४पासून प्रत्येक डुकरामागे टॅग घेण्याऐवजी परवान्यावर एकच 'व्हॅलिडेशन' घ्यावं लागतं. प्रत्येक सार्वजनिक जागेचे नियम वेगळे असतात; फोर्ट हंटर लिगेटसारख्या लष्करी तळावर स्वतंत्र परवानगी लागते. निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाचे चालू नियम वाचा.

१ जुलै २०१९पासून इथे शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. शिशाची गोळी शरीरात शिरताना तिचे बारीक तुकडे उडतात. शिकारी आतडी जंगलात टाकतो, ती काँडोर गिधाडं खातात आणि शिशाची विषबाधा होऊन मरतात. १९८२मध्ये जगात फक्त २२ काँडोर उरले होते. भारतात गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडं संपत आली, त्याच जातीची ही गोष्ट: विष एकासाठी नव्हतंच, पण मेलेल्याला खाणाऱ्यापर्यंत पोचलं.

स्वतःचीही काळजी घ्या. रानडुकरांमध्ये ब्रुसेला जिवाणू असू शकतात, म्हणून डुक्कर सोलताना रबरी हातमोजे हवेतच; हातावर जखम असेल तर अधिकच जपा. मांस लगेच थंड करा आणि आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सिअस, होईतो शिजवा. फक्त गोठवण्यावर विसंबू नका; वन्य प्राण्यांतल्या ट्रिकिनेला कृमीचे काही प्रकार गोठवूनही जगतात.

पहिल्या खेपेला बंदूक घरीच ठेवली तरी चालेल. नकाशा, दुर्बीण आणि पाण्याची बाटली घेऊन एक ओढा पायाखाली घाला. डुक्कर दिसलं नाही, तरी ते कुठे जेवतं, कुठे लोळतं आणि कुठून जातं ते कळेल. पुढच्या खेपेची निम्मी शिकार तिथेच झालेली असते.