पहिल्या बाइटचा हक्क

दुरुस्तीच्या दुकानात मेलेल्या मोबाइलला ‘फ्लॅश मारून देतो’ म्हणतात, तेव्हा त्यामागे एकच युक्ती असते: फोनची स्वतःची प्रणाली जागी व्हायच्या आत त्याच्याशी बोलायला लागायचं. हे बोलणं जमवणारी बरीच मुक्त साधनं सी भाषेत लिहिलेली आहेत.

सुरुवात सौम्य होती. नोकियातले संपर्क आणि एसएमएस संगणकावर उतरवायला ग्नोकी हा प्रोग्राम आला, त्यातून पुढे गॅमू निघाला. केबलवरून जाणारे बाइट न्याहाळून नोकियाची बोली उलगडावी लागली. इतर बऱ्याच फोनांशी हेज मोडेमपासून चालत आलेल्या एटी आज्ञांवर भागायचं. पण हे सगळं फोन चालू असताना, त्याच्याच मर्जीने.

2010 साली हॅराल्ड वेल्टे आणि सहकाऱ्यांच्या ऑस्मोकॉमबीबी या मुक्त प्रकल्पाने ही मर्जी झुगारली. मोटोरोलाचे सी118, सी123 हे स्वस्त फोन. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची कॅलिप्सो चिप. हेडफोनचं 2.5 मिलिमीटरचं भोक हेच तिथलं सिरियल पोर्ट. पॉवरचं बटण हलकेच दाबलं की फोन मोजके बाइट पाठवतो आणि क्षणभर उत्तराची वाट पाहतो. तेवढ्यात संगणकावरचं ऑस्मोकॉन हे साधन आपला प्रोग्राम फोनच्या रॅममध्ये सोडतं. कंपनीची डिजिटल सही कोणी मागत नाही. बॅटरी काढली की फोन पुन्हा पहिल्यासारखा.

खरी कसोटी पुढे: या प्रोग्रामने मोबाइल जाळ्याशी बोलायचं. जीएसएमची एक फ्रेम 4.615 मिलिसेकंदांची, तिच्यात आठ खाचा. कॅलिप्सोतलं वेळ राखणारं यंत्र फ्रेमचे 5000 भाग पाडतं. कितव्या भागाला रेडिओ उघडायचा, हे ठरलेल्या पत्त्यांवर लिहावं लागतं. सीमध्ये तो पत्ता थेट पॉइंटर होतो. मात्र त्याला ‘व्होलाटाइल’ म्हटलं नाही, तर ‘हे आत्ताच वाचलंय’ असं समजून कंपायलर दुसरं वाचन गाळू शकतो आणि हार्डवेअरने मधल्या वेळात केलेला बदल निसटतो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बर्लिनमध्ये हॅकरांच्या केऑस परिषदेत कार्स्टन नोल आणि सिल्व्हां म्युनो यांनी अशाच फोनांच्या मदतीने जीएसएम कॉल टिपून दाखवला. भोकं फोनपुरती नव्हती, जाळ्यातही होती.

मग दारं बंद होत गेली. क्वालकॉमच्या चिपमध्ये फोन अगदी मेला तरी ईडीएल हा आपत्कालीन मार्ग उरतो. पण सुरक्षित बूट चालू असेल तर तिथे कंपनीची सही असलेलाच लोडर चालतो. कुलूप पक्कं असतंच असंही नाही. 2019 मध्ये उघड झालेल्या चेकमेट या हल्ल्याने आयफोन 4एसपासून आयफोन एक्सपर्यंतच्या बूटरॉममधली, म्हणजे फोन सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या कोडमधली, चूक दाखवली: सोडून दिलेली मेमरी यूएसबीचा कोड पुन्हा वापरत होता. चूक सिलिकॉनमध्येच कोरलेली, त्यामुळे अपडेटने ती पुसता येत नाही. ज्या पॉइंटरवर साधनं चालतात, त्याच पॉइंटरने किल्लाही पाडला.

सहीमुळे चोर बाहेर राहतो हे खरंच, आणि नव्या फोनला ती हवीच. पण अपडेट बंद करून कंपनी ज्या फोनवरून हात काढून घेते, त्याची किल्ली तिने मालकाच्या हाती द्यायला हवी. नाहीतर चालू स्थितीतलं हार्डवेअर केवळ एका सहीअभावी भंगारात जातं.