शुद्धिहरणातील स्नायुशैथिल्याचे मापन

उदरपोकळीतील शस्त्रक्रियेसाठी पोटाचे स्नायू शिथिल असावे लागतात. माँट्रियल येथे १९४२ साली ग्रिफिथ व जॉन्सन यांनी शुद्धिहरणात क्युरारेचा उपयोग केला, तेव्हापासून ही शिथिलता औषधाने साधता येऊ लागली. परंतु त्याच औषधाने श्वसनाचे व घशाचे स्नायूही लुळे पडतात. म्हणून श्वासनलिकेतील नळी काढण्यापूर्वी औषधाचा अंमल खरोखर ओसरला आहे काय, हा प्रश्न रुग्णाच्या जीविताशी निगडित असतो.

क्युरारेवर्गीय औषधे मज्जातंतू व स्नायू यांच्या संधिस्थानी ॲसिटिलकोलीनचे ग्राही व्यापतात. सुमारे तीनचतुर्थांश ग्राही व्यापले जाईपर्यंत एकेरी आकुंचनात घट दिसत नाही. अर्थात, आकुंचन पूर्ववत् दिसले म्हणजे औषध निघून गेले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

ही अडचण दूर करणारी पद्धती अली, अटिंग व ग्रे यांनी १९७० च्या सुमारास लिव्हरपूल येथे मांडली. मनगटाजवळ अल्नर मज्जातंतूस अर्ध्या सेकंदाच्या अंतराने चार विद्युत्स्पंद देतात व अंगठ्याची हालचाल पाहतात. अंमल असेल तर आकुंचने उत्तरोत्तर क्षीण होतात. तो गाढ असेल तर शेवटची आकुंचने लोपतात. चौथ्या आकुंचनाचे पहिल्याशी असलेले गुणोत्तर हेच मापन होय. येथे पहिले आकुंचनच तुलनेचा आधार असल्याने औषधापूर्वीच्या नोंदीची गरज उरत नाही.

पूर्वी ०.७ हे गुणोत्तर पुरेसे मानीत. तथापि ०.९ च्या खाली गिळण्याची क्रिया सदोष राहते व घशातील द्रव श्वासमार्गात उतरण्याचा धोका संभवतो, असे पुढे आढळले. गुणोत्तर ०.४ च्या वर गेले की ही क्षीणता डोळ्यांना वा हाताला बहुधा जाणवत नाही. ०.४ ते ०.९ हा टप्पा म्हणूनच फसवा ठरतो, आणि तेथे अंगठ्याची गती मोजणारे यंत्र आवश्यक होते. अमेरिकन शुद्धिहरणतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली अशाच यांत्रिक मापनाची शिफारस केली.

श्वासपटल अंगठ्याच्या आधी सावरते. म्हणून रुग्णाची छाती हलताना दिसणे हा पुरेसा पुरावा नव्हे. निओस्टिग्मीन किंवा सुगामाडेक्स यांपैकी कोणता उतारा किती प्रमाणात द्यावा, याचा निर्णयही या मापनावरच अवलंबून असतो. कारण गाढ शैथिल्यात निओस्टिग्मीन निष्प्रभ ठरते.