गाडी कुरकुरते तेव्हा...

मैत्रिणींनो, कुकरची तिसरी शिट्टी झाली की आपण बाहेरच्या खोलीतूनही हातातले काम टाकून उठतो. मिक्सरचा आवाज जरा जड झाला की चटणीत पाणी कमी पडलंय हे झाकण न उघडता कळते. इतका तयार कान देवाने आपल्याला दिलेला असताना गाडीत बसल्यावर मात्र आपण तो बंद करून का ठेवतो बरे? "गाडीतलं मला काय कळतंय!" असे म्हणायचे नि खिडकीबाहेर बघत बसायचे. मीही अशीच बसत होते.

आमची गाडी म्हणजे जुनी मारुती ८००, एमएच २८ नंबरची. बुलढाणा गावाला रेल्वे नाही. त्यामुळे माहेरी जायचे तर राजूर घाट उतरून मलकापूरचे स्टेशन गाठायचे, हा आमचा नेहमीचा रिवाज. अशाच एका फेरीत घाटातल्या वळणावर माझ्या पायाखाली 'टक्' असा आवाज झाला. पुढच्या वळणावर पुन्हा 'टक्'. मी ह्यांना म्हटले, "अहो, काहीतरी वाजतंय." ह्यांनी रेडिओ बंद करून ऐकले. "मला तर नाही ऐकू येत. आणि जुनी गाडी आहे, आवाज यायचाच!" विषय संपला.

पण आवाज संपला नाही. तेव्हा गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. "पुढून आवाज येतो" एवढेच आम्ही सांगितले. त्यांनी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, चार हजारांच्या आसपास बिल झाले, आणि आठ दिवसांनी 'टक्' आपला जागच्या जागी! शेवटी ओळखीतल्या एका वयस्क मिस्त्रीचाचांकडे गेलो. ते ह्यांच्याशी न बोलता माझ्याकडे वळले. "ताई, आवाज येते कवा, ते सांगा आधी." मी सांगितले, डावीकडून येतो, स्टिअरिंग वळवताना येतो, खड्ड्यात चाक उतरले की येतो, सरळ गुळगुळीत रस्त्यावर येत नाही. चाचांनी गाडी उचलली, डाव्या चाकाखालच्या आर्मला टामी लावून हलवली, आणि आम्हाला वाकून बघायला सांगितले. आतला बॉल जॉइंट सैल दातासारखा हलत होता. त्यावरची रबराची टोपी फाटून आत माती गेलेली. "हा निसटला असता तर चाक आडवं झालं असतं," एवढेच ते म्हणाले. मागच्या सीटवर दोन मुले नि सासूबाई बसवून आम्ही त्या गाडीतून चार वेळा घाट उतरलो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बॉल जॉइंटची किंमत शॉकअपच्या बिलाच्या पासंगालाही लागत नव्हती. म्हणून आज हा लेख. दुरुस्ती मिस्त्रीच करणार. पण कोणता आवाज कुठला, हे आपण ओळखू शकतो.

आपल्यालाच आधी का ऐकू येतो?

आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो नि आपण बहुधा त्याच्या डावीकडे. पुढचे डावे चाक आपल्या पायांच्या अगदी जवळ असते. शिवाय अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की गाडीचे डावे चाकच डांबराची कड सोडून साइडपट्टीवर उतरते. धक्के जास्त त्याच चाकाला बसतात. त्यातून आपली काळी जमीन पावसात फुगते नि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तिच्यावरचा रस्ताही लाटांसारखा वरखाली होतो. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे उन्हाळा कसा तापतो हे सांगायलाच नको. रबराला ऊनही नको नि धक्केही नकोत. इथे त्याला दोन्ही मिळतात.

चाकाच्या वर काय असते?

मारुती ८०० ही डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. तिच्या आणि आजच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना 'मॅकफर्सन स्ट्रट' नावाची रचना असते. नाव एका अमेरिकन इंजिनियरचे. नाव जड असले तरी समजायला सोपे आहे.

स्प्रिंग धक्का झेलते, पण ती एकटी असती तर गाडी चेंडूसारखी उडत राहिली असती. तिला आवरतो तो शॉकअप. बँकेच्या दारावर दार हळूच मिटवणारा तेलाचा दांडा असतो ना, तसेच त्याचे काम. स्प्रिंग नि शॉकअप एकत्र बसतात तो स्ट्रट. त्याचे वरचे टोक बॉनेटखाली रबरी माउंटिंगमध्ये अडकवलेले असते.

खाली चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात म्हणजे लोअर आर्म. त्याच्या एका टोकाला रबराचे बुश आणि दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट. आपल्या खुब्याच्या सांध्यासारखा हा असतो, वाटीत गोळा नि मध्ये ग्रीस. बुश म्हणजे कुकरच्या रिंगसारखे समजा. नवे असते तोवर मऊ, जुने झाले की कडक होऊन चिरते, आणि मग लोखंडावर लोखंड वाजते. स्टिअरिंगचा हुकूम चाकापर्यंत पोचवणाऱ्या दांड्याचे टोक म्हणजे टाय रॉड एंड. तोही एक सांधाच.

पूर्वीच्या फियाट-अँबॅसिडरच्या सांध्यांना ग्रीस भरायला निपल असत, नि ते वेळोवेळी भरावे लागे. आताचे बहुतेक सांधे बंद असतात. एकदा वरची टोपी फाटली की ग्रीस बाहेर, माती-पाणी आत, नि सांध्याचे दिवस भरले.

आधी घर आवरा!

मिस्त्रीकडे धावण्यापूर्वी गाडी रिकामी करा. डिकीतला जॅक, पाने, सीटखाली गडगडणारी स्टीलची बाटली, दाराच्या कप्प्यातली सुटी नाणी, सगळे बाहेर काढा. नंबरप्लेट, बॉनेटखालचा टेकू नि बॅटरीची पट्टी हलवून बघा. 'सस्पेन्शन गेलं' म्हणून आलेली खडखड पुष्कळदा इथेच सापडते. एवढे करूनही आवाज राहिला, तर मग कान द्या.

कोणता आवाज, कुठला?

१. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना बारीक खडखड, डब्यात फुटाणे हलवल्यासारखी: स्टॅबिलायझर बारची किंवा लोअर आर्मची बुशे सैल झाली असावीत. ज्या गाड्यांना त्या बारच्या टोकाला लिंक रॉड असतो, त्यांत बहुधा तोच असतो. अशी खडखड चालू असताना ब्रेकवर नुसता हलका पाय ठेवायला सांगा. आवाज एकदम थांबला, तर दोष ब्रेकच्या पॅडकडे आहे.

२. स्पीड ब्रेकरवर 'धप्' नि नंतर गाडी दोन-तीनदा झुलणे: शॉकअप. त्याच्या नळीवरून तेल ओघळून धूळ चिकटलेली दिसली तर खात्रीच.

३. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवताना 'टण्' किंवा करकर, नि आवाज बॉनेटखालून वरच्या बाजूने: स्ट्रटचे वरचे माउंटिंग किंवा त्यातले बेअरिंग.

४. वळताना नि खड्ड्यात 'टक्', आवाज खालून, आणि स्टिअरिंग भरकटल्यासारखे: बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड. हा आवाज उद्यावर टाकू नका.

५. दाबल्यावर जुन्या झोपाळ्यासारखी कुरकुर, पावसात कमी नि कोरड्या दिवसांत जास्त: बहुधा कोरडी पडलेली रबरे. लगेच धोका नसतो, पण तपासून घ्या.

६. ब्रेक मारला की एकदाच 'ठक्': लोअर आर्मचे मोठे बुश, किंवा ब्रेकचाच एखादा सैल भाग.

७. पूर्ण वळण घेऊन हळू चालताना 'कट् कट् कट्', वेग वाढला की आवाजही भराभर: हे सस्पेन्शन नव्हे. पुढच्या चाकांना ओढणाऱ्या एक्सलचा सीव्ही जॉइंट झिजला आहे. मोकळ्या मैदानात गाडी एकदा डावीकडे नि एकदा उजवीकडे गोल फिरवून ऐका.

८. वेगाबरोबर वाढत जाणारी 'घूंऽऽ': चाकाचे बेअरिंग किंवा वेडेवाकडे झिजलेले टायर. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा 'घूं' वाढली तर डावे बेअरिंग संशयित. डाव्या वळणावर वाढली तर उजवे.

अंगणात करायच्या दोन परीक्षा

पहिली एकटीनेही होते. सपाट जागी हँडब्रेक ओढून, बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी खाली दाबा नि सोडा. वर येऊन ती लगेच स्थिरावली तर शॉकअप बरा. दोन-तीनदा डोलली तर गेला. दाबताना कुरकुर झाली तर कोणत्या कोपऱ्यात, ते लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना करून बघा, म्हणजे फरक कळतो.

दुसरीला घरातले कोणीतरी मदतीला घ्या. इंजिन बंद, पण किल्ली फिरवून स्टिअरिंगचे लॉक सोडलेले. एकाने स्टिअरिंग बोटभर डावीकडे-उजवीकडे झुलवत राहायचे, दुसऱ्याने पुढच्या चाकाजवळ बसून ऐकायचे. बारीक 'टोक् टोक्' आले तर टाय रॉड एंड सैल आहे.

यापुढची परीक्षा गॅरेजमध्ये आपल्यासमोर करायला सांगा. चाक उचलल्यावर मिस्त्री ते घड्याळातल्या बारा नि सहाच्या जागी धरून हलवतात. चाक हलले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग आत कोणीतरी ब्रेक दाबून धरायचा. हलणे थांबले तर बेअरिंग, तरीही हलत राहिले तर सांधा. नऊ नि तीनच्या जागी हलले तर टाय रॉड एंडकडे बघायचे. आपण मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी म्हणजे कधीच शिरायचे नाही. मुलांना आसपास फिरकू देऊ नये. आणि गाडी हलवताना स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बोट घालू नये.

मिस्त्रीला काय सांगावे?

डॉक्टरांना "बरं वाटत नाही" एवढेच सांगून औषध मिळते का? तसेच हे. वाणसामानाच्या यादीसारखी एक चिठ्ठी करा. आवाज डावीकडे की उजवीकडे? वरून की खालून? किती वेगात? सरळ जाताना, वळताना की ब्रेक लावताना? खड्ड्यात की स्पीड ब्रेकरवर? कधीपासून? आवाज येतो त्या रस्त्यावर मिस्त्रीला एक चक्कर मारून आणता आली तर फारच उत्तम.

पैसे देण्यापूर्वीही थोडे बोलावे. "कोणता भाग गेलाय, हलवून दाखवा," असे म्हणायला लाजू नका. काढलेला जुना भाग परत मागा. शॉकअप दोन्ही बाजूंचे जोडीने बदलतात, ते बरोबरच आहे; पण खराब असतील तरच. टाय रॉड एंड किंवा आर्म बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावेच लागते, नाहीतर नवी टायरे एका बाजूने खाल्ली जातात. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. त्या वेळी तरी ही सगळी रबरे नि सांधे नजरेखालून घाला.

आणि एक, नवऱ्याशी बोलताना "काहीतरी वाजतंय" असे मोघम सांगू नका. माझी चूक तीच झाली. "डावं चाक, वळताना, खालून, टक्" असे सांगितले असते तर तेव्हाच त्यांनी गाडी थांबवली असती, असे हेच आता म्हणतात. खरेखोटे त्यांनाच ठाऊक! पण हल्ली घाट लागला की हे स्वतःहून रेडिओ बंद करतात नि विचारतात, "काय गं, आज काही ऐकू येतंय का?"

येत्या सुट्टीत तुम्हीही शेगावला, लोणारला किंवा माहेरी गाडीने निघाल. डबे भरून झाले, मुलांचे स्वेटर घेतले, गॅस बंद केला, की दोन मिनिटे गाडीचे चारही कोपरे दाबून बघा. आणि वाटेत 'टक्' झालेच, स्टिअरिंग हलके वाटू लागले, तर उशीर होईल म्हणून पुढे ढकलू नका. घाटाच्या अलीकडेच गाडी बाजूला घ्यायला लावा. गाडी चुकली तर दुसरी मिळते.