वहीतला एकसष्टावा पक्षी



आमच्या घरी एक दोनशे पानी वही आहे. माझी मुलगी पाचवीत असताना तिला पक्षी पाहायचा नाद लागला, तेव्हापासून ती त्यात लिहिते. आता ती आठवीत आहे. तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्याचं नाव. आम्ही अमरावतीला राहतो, त्यामुळे बहुतेक नोंदी वडाळी तलाव, छत्री तलाव आणि आमच्या गच्चीवरच्या आहेत. समोर कडुनिंब आहे, त्यावर तांबट, बुलबुल, हळद्या असं काही ना काही येत असतं. छंद चांगला, खर्च कमी, पोरगी सकाळी लवकर उठते. बापाला अजून काय पाहिजे!

तर झालं असं, की शाळेत ‘नोंदलेखन’ या विषयावर एक तास घ्यायचा होता. नमुना म्हणून दाखवायला मी ती वही चाळायला घेतली आणि डिसेंबरातल्या एका रविवारच्या नोंदीवर थांबलो. ‘सकाळी ७.१०, वडाळी तलाव, स्वर्गीय नर्तक, नर, लांब पांढरी शेपटी.’ वाचून आधी आनंद झाला, मग लक्षात आलं की त्या रविवारी आम्ही सगळे अकोल्याला होतो. जठारपेठेत तिच्या मामाकडे बारसं होतं, शनिवारीच मुक्कामाला गेलो होतो. सकाळी सात वाजता पोरगी गादीवर झोपलेली मी स्वतः पाहिली होती.

विचारलं, तर ती गप्प. दोनदा विचारल्यावर म्हणाली, “तुम्हीच तर सगळ्यांना सांगून राहिले होते नं, की पोरीचे साठ पक्षी झाले, आता एकसष्टावा येणारच म्हणून.”

खरं होतं ते. घरी कोणी आलं की मी चहाच्या आधी आकडा सांगायचो. पक्षी कोणता, तो काय करत होता, हे कधी विचारलं नाही. फक्त आकडा.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या रात्री मी वेगळंच केलं. ती झोपल्यावर तिचा मोबाइल उघडून पाहिला. एक गोष्ट खोटी निघाली म्हणजे अजून काय काय खोटं असेल, असं डोक्यात आलं. सापडलं काहीच नाही, मैत्रिणींचे गृहपाठाचे फोटो आणि पक्ष्यांचे आवाज. सकाळी मात्र तिला कळलं, कारण मी उघडलेलं तसंच राहिलं होतं. ती बोलली नाही, पण वही कपाटात गेली. आईला, म्हणजे तिच्या आजीला, सगळं समजलं तेव्हा ती मला म्हणाली, “तुनं तिले चोर ठरवलं, अन् सोता चोरावानी रातच्यानं तिचा फोन पाह्यला. आता सांग, कोनाचा भरोसा कोनं ठेवाचा?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण याच सुमारास मी रानपिंगळ्याबद्दल वाचत होतो, आणि ती गोष्ट मी आधी वर्गात आणि मग घरी सांगितली. तुम्हालाही सांगतो, कारण ती आपल्या मेळघाटापर्यंत येते आणि छंद, खोटेपणा, विश्वास या तिन्हींची आहे.

आपला नेहमीचा पिंगळा सगळ्यांनी पाहिलेला असतो. जुन्या वाड्यात, आंब्याच्या ढोलीत, विजेच्या तारेवर बसणारं ते छोटं घुबड. रानपिंगळा त्याचाच नातलग, पण राहतो सागाच्या कोरड्या जंगलात, आणि घुबड असून दिवसाउजेडी फिरतो. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर १८८४ पर्यंत मिळून जेमतेम सात नमुने गोळा झाले. त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात मिळवले होते. त्या काळी पक्षी ‘पाहिला’ म्हणजे मारला, आत कापूस भरला आणि पायाला चिठ्ठी बांधली, असाच अर्थ होता. ती चिठ्ठीच खरी वही. तारीख, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव.

१८८४ नंतर हा पक्षी कोणाला मिळाला नाही. एक अपवाद होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात १९१४ सालचा एक रानपिंगळा होता, ठिकाण लिहिलं होतं गुजरातेतलं मांडवी. हा माणूस म्हणजे त्या क्षेत्रातलं बडं प्रस्थ. लढाईत नाव कमावलेलं, पक्ष्यांवर ग्रंथ लिहिलेले, वीस हजारांच्या आसपास पक्ष्यांचा संग्रह. तो संग्रह त्याने १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला. एवढा मोठा माणूस चिठ्ठीवर खोटं कशाला लिहील? लोकांनी विश्वास ठेवला आणि त्या मांडवीच्या नोंदीमुळे पुढचा शोध भरकटला. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनीही रानपिंगळा शोधला, त्यांना मिळाला नाही. पक्षी बहुधा संपला असंच लोक धरून चालले.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षी-अभ्यासक भारतीय पक्ष्यांच्या पुस्तकासाठी जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्झहागेनच्या नोंदींत त्यांना खोट दिसू लागली. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी तो १९१४ चा रानपिंगळा बारकाईने पाहिला, त्याचे क्ष-किरण फोटो काढले. आता यात गंमत अशी, की पक्ष्याची कातडी भरायची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते. आपल्याकडे पुरणपोळी कोणी लाटली हे काठ पाहून कळतं ना, तसंच. या नमुन्यावर दोन हात फिरलेले होते. वरचा हात माइनर्ट्झहागेनचा, खालच्या खुणा डेव्हिडसनच्या. म्हणजे डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला पक्षी म्युझियममधून उचलून, पुन्हा भरून, त्याला नवी चिठ्ठी लावली होती! हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. विशेष म्हणजे या गृहस्थाला नमुने परस्पर नेल्यावरून म्युझियमच्या पक्षी विभागात पूर्वी काही काळ प्रवेशबंदीही झाली होती. तरीसुद्धा त्याचा शब्द चालत राहिला.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर काय झालं पाहा. जिथून खरे नमुने आले होते तिथेच शोधायचं, असं ठरवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे फिरले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, रानपिंगळा झाडावर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. पुढच्या काही वर्षांत फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पाहणीत तो आपल्या मेळघाटातही आढळला. आज मेळघाट हे त्याचं महत्त्वाचं घर मानलं जातं. कोणीतरी लंडनमध्ये बसून एक चिठ्ठी खोटी लिहितो, आणि सातपुड्यातला जिवंत पक्षी आपल्या हिशेबातून नाहीसा होतो. मला ही गोष्ट वाचून झोप लागली नव्हती, खरं सांगतो.

वर्गात ही गोष्ट सांगितल्यावर एका पोराने विचारलं, “सर, मग त्याचे बाकीचे पक्षी फेकून दिले का?” प्रश्न फार चांगला होता. नाही फेकले. त्याच्या हजारो नमुन्यांत खरे कोणते आणि चोरलेले कोणते, हे एकेक करून पाहावं लागतं. खोटं बोललेल्या माणसाचं सगळंच खोटं नसतं. त्रास हाच आहे, की खरं असेल त्यालाही आता पुन्हा पुरावा द्यावा लागतो. खोटेपणाची खरी किंमत ही. ती चोराला पडत नाही, मागून येणाऱ्यांना पडते.

आता छंदाच्या व्यवहाराबद्दल थोडं, कारण पालकांना याची माहिती नसते. हल्ली पक्षी पाहणारे आपल्या याद्या ई-बर्ड नावाच्या संकेतस्थळावर टाकतात. शाळकरी मुलंही टाकतात. तिथे पक्षी मारून पुरावा द्यायचा प्रश्नच नाही, सगळा कारभार शब्दावर. मग खोटं किंवा चुकीचं कसं अडवायचं? त्या भागात, त्या महिन्यात नवलाचा वाटावा असा पक्षी किंवा असा आकडा कोणी टाकला, की यंत्रणा लगेच थांबवते आणि वर्णन मागते. मग त्या भागाचा जाणकार स्वयंसेवक ती नोंद पाहतो आणि गरज पडली तर लिहिणाऱ्याला विचारतो. विचारायची रीत मला आवडली. ‘तू खोटं बोलतोस का’ असं कोणी विचारत नाही. विचारतात, काय दिसलं? रंग कुठे होता? किती अंतरावरून? फोटो आहे का? आवाज ऐकला का? मोठमोठ्या जाणकारांनाही हेच प्रश्न येतात, त्यामुळे कोणाला अपमान वाटायचं कारण नाही. आणि जिथे जात ओळखता आली नाही तिथे नुसतं ‘घुबडाची कोणतीतरी जात’ असं लिहायचीही सोय आहे. ‘मला माहीत नाही’ हे तिथे अधिकृत उत्तर आहे! आपल्या परीक्षेत असं उत्तर लिहिलं तर शून्य मिळतो. आपण शिक्षकांनी यावर विचार करायला हरकत नाही.

मी वर्गात एवढंच केलं, की नोंदवहीत एक रकाना वाढवला. ‘खात्री किती?’ त्यात तीनच शब्द लिहायचे, पक्की, अर्धी किंवा नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी ‘पक्की’ लिहिलं. चिमणीलाही पक्की, आणि गरुडालाही पक्की (तो घार होता). मग एका मुलीने भीत भीत ‘अर्धी’ लिहिलं, मी तिची नोंद फळ्यावर घेतली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो पक्षी कोणता असेल हे शोधलं. त्यानंतर ‘अर्धी’ वाढले. मोबाइलवर फिरणारे रंगीबेरंगी, बनवलेले पक्ष्यांचे फोटो पोरं आणतात, त्यांनाही आता तेच प्रश्न विचारतात: हा फोटो कोणी काढला, कुठे, कधी? पुष्कळदा एकाचंही उत्तर मिळत नाही.

आईचा मात्र या सगळ्याला वेगळाच जबाब होता. तिच्या माहेरी पहाटे अंधारात कंदील घेऊन पिंगळा यायचा. पक्षी नव्हे, माणूस. दारात उभा राहून घरादाराचं भविष्य सांगायचा आणि सुपातलं धान्य घेऊन जायचा. मी म्हटलं, “आई, त्याचं सगळं खरं निघायचं का?” ती म्हणाली, “कायचं खरं बापा! पन त्याचा बापही आमच्या दारी येये, अन् आज्जाही येये. खोटं निंगलं तं पुढच्या सालाले तोंड दाखवा लागे नं त्याले.” मला वाटतं, आईने एका वाक्यात फरक सांगितला. तो माणूस परत येणार होता. आजचा फोनवरचा ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा परत येणार नसतो. परत येणाऱ्या माणसांचं जग लहान झालं, म्हणून आपल्याला रकाने आणि प्रश्न लागतात. घरात मात्र सगळी परत येणारीच माणसं असतात. तिथे मी कशाला रात्री फोन उघडायला गेलो होतो, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं नाही आणि अजून नीट मिळालेलं नाही.

मुलीची माफी मागितली. सोपं नव्हतं, बापाची जीभ जड होते. तिने वही बाहेर काढली, पण ते पान फाडू का असं विचारलं. मी नको म्हटलं. तिने लाल पेनाने त्या ओळीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला लिहिलं, ‘पाहिला नाही.’ मग मी खाली सही केली. तिने विचारलं, सही कशाला? म्हटलं, आकडा मी सांगत होतो नं.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो आणि तिथून अकोट करून नरनाळा किल्ल्यावर. शहानूरच्या पुढे सागाचं रान लागतं. दुपारी अकरा-साडेअकराची वेळ, ऊन चांगलंच, आणि वाळक्या फांदीवर एक छोटं घुबड बसलेलं. दिवसाउजेडी! सागाच्या रानात! माझ्या छातीत धडधड व्हायला लागली. मी कुजबुजलो, “रानपिंगळा! लिही, लिही.”

तिने दुर्बीण लावली. बराच वेळ पाहत राहिली. आईसुद्धा श्वास धरून उभी. मग तिने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “डोकं पाहा बाबा. पांढरे ठिपके आहेत सगळीकडे. रानपिंगळ्याच्या डोक्यावर इतके नसतात, त्याची छातीही गडद असते. हा आपला साधा पिंगळा आहे. तोही कधी कधी दिवसा बसतो.”

मी म्हटलं, “नीट पाहा, कदाचित...”

तिने वही उघडली. तारीख, वेळ, शहानूर, पिंगळा. खात्री किती, पक्की. पिंगळा तर तिच्या यादीत पाचवीपासूनच आहे, त्यामुळे आकडा साठचा साठच राहिला.