नेट गेलं तरी एफ-वनची मदत मिळते

भामरागड, एटापल्लीकडे पावसाळ्यात नेट कधी जाईल, नेम नाही. ग्रामसभेच्या कॉम्प्युटरवर तेंदूपत्त्याच्या मजुरीचा हिशोब सुरू असतो, बेरीज अडते, अन् लोक पैशांसाठी ताटकळतात. नव्या एक्सेलमध्ये एफ-वन दाबलं तर मदत नेटवरूनच येते.

लिब्रे ऑफिस मोफत आहे, त्यात सोय आहे. पण विंडोजसाठी मदतीची फाईल वेगळी डाउनलोड करावी लागते. ती नसली तर तिथंही मदत नेटवरूनच घ्यावी लागते. म्हणून नेट असतानाच, आपलं व्हर्जन पाहून, त्याच व्हर्जनची फाईल टाकून घ्या. नंतर एफ-वन दाबून शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'सम' लिहा. बेरजेचं सूत्र उदाहरणासकट दिसेल.