दिवाळीतील किल्ला : कृती की प्रतिकृती?

दिवाळीत मानकोलीपासून पुण्यापर्यंत मुले दगड, विटा, गोणपाट व चिखल यांचा जो डोंगर रचतात, त्यास ती ‘किल्ला’ म्हणतात. ‘किल्ल्याची प्रतिकृती’ म्हणत नाहीत. भातुकलीतील चुलीस चूलच म्हणावे, तसाच हा प्रकार होय. या नामकरणात प्रमाणाची अट नाही. मातीचा मावळा ५ सेंटिमीटरांचा धरला, तर प्रमाण साधारण १:३३ पडते. त्या हिशेबाने समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा रायगड अंगणात २५ मीटर उभारावा लागेल! शिवाय सिंहासनाधिष्ठित महाराज बुरुजाहून मोठे, आणि उतारावर उगवलेले अळीव हेच अरण्य. यास दोष मानणे युक्त नव्हे. ‘मान’ या शब्दाचे मापन व आदर हे दोन अर्थ व्युत्पत्तीने भिन्न आहेत. ‘मा’ आणि ‘मन्’ हे धातूच निराळे. किल्ल्यावर मात्र दुसरा मान पहिल्याचे नियमन करतो.

अलीकडे स्पर्धांतून विशिष्ट गडाची ‘प्रतिकृती’ मागितली जाते. नकाशा पाहून तट-बुरूज मोजणे हाही अभ्यासच. परंतु शब्दाबरोबर कसोटी पालटते, आणि कोणत्याच गडाचा नसलेला, मुलाचा स्वतःचा किल्ला स्पर्धेबाहेर राहतो.