वाद्यवृंदाचे आचार्य मेहली मेहता

पावसाळा सरून बोटींची वाहतूक पुन्हा सुरू झाली म्हणजे पणजीहून मुंबईस जाणारी आगबोट रत्नागिरीच्या बंदरात थांबे, आणि पडावातून तिच्यावर चढणाऱ्या आमच्या चाकरमान्यांना जे गोमंतकीय उतारू भेटत, त्यांत व्हायोलिनच्या पेट्या सांभाळून बसलेले वादकही असत. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचावयास शिकवीत. ती विद्या हेच त्या वादकांचे भांडवल, आणि त्याच भांडवलावर मुंबईतील हॉटेलांचे व पुढे बोलपटांचे वाद्यवृंद उभे राहिले. 1935 साली मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, तेव्हा त्यांनाही अशाच वादकांचा आधार होता. वृंदसंचालक म्हणून जगभर गाजलेले चिरंजीव झुबीन यांच्या कीर्तीपुढे मेहलींचे नाव मागे पडले. परंतु शिक्षणाच्या हिशेबी पित्याचे कार्य तिळभरही उणे नाही, असे माझे मत आहे.

गणेशोत्सवात चित्रपटगीते ऐकविणारा ऑर्केस्ट्रा आपल्या परिचयाचा आहे. सिंफनीचा वाद्यवृंद त्याहून फार निराळा. ऐंशी-शंभर वादक, प्रत्येकापुढे केवळ त्याच्या वाद्यापुरता कागद, आणि सर्वांचे स्वर एकत्र मांडलेली संहिता मात्र एकट्या संचालकापुढे. उजव्या हातातील छडीने तो लय राखतो, डाव्या हाताने कोणाचा नाद चढवावा, कोणाचा उतरवावा हे सुचवितो. ही झाली लोकांना दिसणारी बाजू. खरे काम तालमीत चालते, कारण व्हायोलिनवाल्यांचे गज एकाच वेळी एकाच दिशेने फिरावेत आणि प्रत्येकाने शेजाऱ्याचा स्वर ऐकून आपला स्वर जुळवावा, ही सवय तेथेच लागते. आमचा भजनीबुवा स्वतः गातो, पेटी धरतो आणि झीलकऱ्यांना नजरेने सांभाळतो. वृंदसंचालकाला मात्र स्वतः एकही स्वर न काढता सर्व काही इतरांकडून वाजवून घ्यावे लागते, आणि म्हणूनच तो हाडाचा शिक्षक असावा लागतो.

मेहलींचा जन्म 1908 चा. मुंबईत नाव झाले असताही आपली विद्या अपुरी वाटून 1945 साली, पस्तिशी उलटलेला हा गृहस्थ कुटुंबाला मागे ठेवून न्यूयॉर्कला गेला आणि व्हायोलिनचे नामांकित गुरू आयव्हन गॅलेमियन यांच्याकडे शिष्य म्हणून रुजू झाला. पुढे 1955 पासून मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात संचालक बार्बिरोली यांच्या हाताखाली, नंतर फिलाडेल्फियाच्या कर्टिस या चौघा तंतुवादकांच्या चतुष्टयात त्यांनी चाकरी केली. सरकारी कारकून ज्या वयात पेन्शनीचा अर्ज दप्तरी दाखल करी, त्या वयात, 1964 साली, त्यांनी लॉस एंजेलिसला अमेरिकन यूथ सिंफनीची स्थापना केली. विद्यालयातून बाहेर पडलेला आणि व्यावसायिक वृंदात अद्याप प्रवेश न मिळालेला तरुण मधल्या काळात कोठे शिकणार, या प्रश्नाचे ते उत्तर होते. तेथील विद्यापीठातील अध्यापन सांभाळून नव्वदीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत, म्हणजे 1998 पर्यंत, त्यांनी या तरुणांना घडविले, आणि त्यांतील अनेक पुढे नामांकित वृंदांत गेले. 2002 साली ते निवर्तले.

मुंबईतला त्यांचा वृंद त्यांच्यामागे टिकला नाही. लॉस एंजेलिसचा सुमारे साठ वर्षे चालला, आणि 2024 साली द्रव्याच्या अडचणीमुळे तोही बंद पडला. तथापि दोहोंच्या आयुर्मानातील हा फरक केवळ पैशाचा नव्हे: तेथे दरसाल नवे शिकलेले वादक मिळत, येथे मात्र जे थोडे तयार होत त्यांना सिनेमा ओढून नेई. 2006 साली मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया निघाला तेव्हा बहुसंख्य वादक परदेशातून आणावे लागले, आणि मग मुलांच्या शिक्षणाची तजवीज करणे त्यालाही भाग पडले. मेहलींच्या नावाची संस्था तर 1995 पासून मुंबईत मुलांना शिकवीत आहे.

आमच्या रत्नागिरीत पेटी-तबला शिकून परीक्षांना बसणारी मुले थोडी नाहीत, पण ती शिकतात एकेकटी. शाळाचालकांनी संगीतशिक्षकाची जागा रिकामी ठेवू नये, आणि आठवड्यातून एक तास तरी या मुलांना एकत्र वाजवावयास बसवावे.